सातव्या फ्लॉपीवर अडलेला सेटअप

विंडोज ९५ तेरा फ्लॉप्यांवर यायचं. तेराही फ्लॉप्या एकापाठोपाठ बिनतक्रार चालल्या तर दिवस चांगला गेला म्हणायचं. त्या काळात धुळ्या-जळगावात ज्यांनी मशीन असेंबल करून विकली, त्यांना याचा हिशेब कुणी शिकवावा लागला नाही. समजा, एक फ्लॉपी दगा देण्याची शक्यता शंभरात दोन आहे. ऐकायला बरी वाटते. पण तेरांपैकी एकही न अडण्याची शक्यता काढायला ०.९८ हा आकडा तेरा वेळा गुणावा लागतो, आणि उत्तर येतं जेमतेम ७७ टक्के. म्हणजे दर चार-पाच सेटअपमागे एक अडणारच. त्यात फ्लॉपीवरच्या फायली दाबून बसवलेल्या. दाबलेल्या फायलीत एक सेक्टर गेला, तर त्यापुढचं काही धड उलगडत नाही.

सेक्टर म्हणजे ५१२ बाइट. साडेतीन इंची फ्लॉपीच्या दोन्ही बाजूंना ८०-८० ट्रॅक आणि प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर. एकूण २,८८० सेक्टर, म्हणजे आपण ज्याला १.४४ एमबी म्हणत आलो ते. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ च्या पहिल्या फ्लॉपीनंतरच्या बारा फ्लॉप्यांवर ट्रॅकमागे २१ सेक्टर कोंबले. फ्लॉप्यांची संख्या कमी झाली, पण सेक्टरांमधली मोकळी जागाही आकसली. प्रत्येक सेक्टरच्या शेवटी १६ बिटांची एक पडताळणीची संख्या लिहिलेली असते. सेक्टर वाचताना ती पुन्हा काढली जाते आणि लिहिलेल्या संख्येशी जुळली नाही की पडद्यावर येतं, ‘डेटा एरर रीडिंग ड्राइव्ह ए’ आणि खाली ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल?’ संख्या जुळली नाही, एवढंच तो संदेश सांगतो. का जुळली नाही, हे त्यालाही माहीत नसतं.

आणि ‘का’ची उत्तरं खानदेशात जरा जास्तच होती.

पहिलं, ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणं जळगाव-भुसावळला नवं नाही. फ्लॉपीच्या आतली चकती पॉलिएस्टरची. एका अंशाला तिची लांबी दहा लाखांत साधारण १७ भागांनी वाढते. पुण्याच्या एसी खोलीत २५ अंशांना लिहिलेली फ्लॉपी धुळ्यात ४५ अंशांना वाचायला घेतली, तर केंद्रापासून चार सेंटिमीटरवरचा सर्वांत बाहेरचा ट्रॅक सुमारे १३-१४ मायक्रॉन सरकतो. ट्रॅकची रुंदी ११५ मायक्रॉन. रुंदीच्या दहाव्या हिश्शाहून थोडं जास्त सरकलं म्हणून फ्लॉपी मरत नाही. शिवाय ड्राइव्हचा धातूही तापून फुगतो आणि काही फरक भरून निघतो. खरी गोम वेगळीच आहे. ताणून बनवलेली ही फिल्म सगळ्या दिशांना सारखी प्रसरण पावत नाही. वर्तुळ किंचित लांबट होतं आणि चकती फिरताना ट्रॅक हेडखालून कधी आत, कधी बाहेर सरकतो. त्यात लिहिणाऱ्या ड्राइव्हचं हेड थोडं डावीकडे आणि वाचणाऱ्याचं थोडं उजवीकडे असेल, तर तीन किरकोळ चुका एकाच बाजूला पडतात आणि सेटअप सातव्या फ्लॉपीवर अडतो. फ्लॉपी मोटरसायकलच्या डिकीत घालून दुपारभर उन्हात ठेवली असेल, तर मात्र गणिताची गरज नाही. पाकिटांवर छापलेली तापमानाची वरची मर्यादा पन्नाशीच्या आसपास असायची आणि मे महिन्यात बंद डिकी ती सहज ओलांडते.

दुसरं, धूळ. त्या काळच्या मशीनमधला पंखा आतली हवा मागून बाहेर फेकायचा. बाहेरची हवा आत यायला वाट कोणती? पुढची फ्लॉपीची फट. म्हणजे प्रत्येक मशीन दिवसभर फ्लॉपी ड्राइव्हमधूनच श्वास घेत होतं. हार्ड डिस्कचं हेड चकतीच्या वर तरंगतं, फ्लॉपीचं मात्र चकतीला घासत चालतं. कापसाच्या पट्ट्यात जिनिंगच्या हंगामात हवेत काय तरंगतं, हे सांगायला नको. हेडवर बसलेला कण पहिल्या फ्लॉपीवर ओरखडा काढतो, तिथला खरवडलेला थर हेडला चिकटतो आणि मग दुसरी फ्लॉपीही जाते. म्हणून जाणता माणूस एक फ्लॉपी अडली की लगेच दुसरी घालत नसे. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसायचा. घाईत एकामागून एक पाच फ्लॉप्या तपासणारा पाचही गमावून बसायचा.

रिट्रायची कळ बडवत राहणं तर सगळ्यांनीच केलं. त्यापेक्षा फ्लॉपी बाहेर काढून परत घालणं जास्त शहाणपणाचं होतं, कारण चकतीचा मधला धातूचा भाग दर वेळी कणभर वेगळा बसतो आणि निसटता ट्रॅक कधी कधी हेडखाली येतो. तेवढ्या वेळात सगळ्या फायली हार्ड डिस्कवर एका फोल्डरमध्ये उतरवून घ्यायच्या आणि सेटअप तिथून चालवायचा. साध्या १.४४ च्या फ्लॉप्यांवरची बरीच सॉफ्टवेअर अशीच बसली.

दोष शोधायचा नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला. तीच फ्लॉपी दुसऱ्या मशीनवर चालते का? याच ड्राइव्हमध्ये दुसरी चालते का? फ्लॉपी फक्त लिहिणाऱ्याच्याच मशीनवर चालत असेल, तर दोष त्या लिहिणाऱ्या ड्राइव्हच्या हेडचा. एकही उचलली जात नसेल आणि ड्राइव्हचा दिवा सतत जळत असेल, तर केबल उलटी बसली आहे. बॅटरी संपून मशीन ड्राइव्हचा प्रकारच विसरलं असेल, तर नवीकोरी फ्लॉपीही चालत नाही.

सगळ्यांत फसवा दोष केबलच्या ३४ व्या तारेचा. फ्लॉपी बदलली की ड्राइव्ह या तारेवरून मशीनला कळवतो. ही तार तुटली तर मशीनला वाटतं, जुनीच फ्लॉपी आत आहे. सेटअप म्हणतो दुसरी घाला; तुम्ही घालता; तो पुन्हा म्हणतो दुसरी घाला. फायलींची यादी पाहिली तर पहिल्या फ्लॉपीची दिसते, कारण ती स्मरणातून दाखवली जाते. गंमत इथवरच. अशा वेळी दुसऱ्या फ्लॉपीवर काही लिहिलं, तर पहिलीचा नकाशा दुसरीवर उमटतो आणि चांगली फ्लॉपी हकनाक जाते.

आणि व्हायरस. मूळ कंपनीच्या फ्लॉपीला लिहिण्यापासून संरक्षण असायचं; गावोगाव फिरणाऱ्या कॉप्यांना कुठलं असणार? ‘स्टोन्ड’ हा १९८७ मधला व्हायरस स्वतः बूट सेक्टरमध्ये बसायचा आणि मूळ बूट सेक्टर एका ठरावीक जागी हलवायचा. ३६० केबीच्या फ्लॉपीत ती जागा म्हणजे फायलींच्या यादीचा शेवटचा, बहुधा रिकामा सेक्टर. नुकसान काही नाही. पण सव्वापाच इंची १.२ एमबीच्या फ्लॉपीत तीच जागा यादीच्या तिसऱ्या सेक्टरवर येते. फ्लॉपीवर ३२ पेक्षा जास्त फायली असतील, तर ३३ वी ते ४८ वी यादीतून गायब. सेटअप म्हणणार, फाइल सापडत नाही. माणूस फ्लॉपीला शिव्या देणार. फ्लॉपी बिचारी धडधाकट.

आपल्याकडचा म्हणता येईल असा व्हायरस ‘जोशी’. तो १९९० मध्ये भारतात सापडला. आपला पसारा ठेवायला फ्लॉपीवर एक जादा ट्रॅक स्वतःच तयार करून घ्यायचा आणि ५ जानेवारीला मशीन अडवून वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप करायला लावायचा. जोशींना ‘हॅपी बर्थडे’ म्हटल्याशिवाय मशीन पुढे जात नसे. याच गोंधळात पुण्यात कैलाश आणि संजय काटकर या भावांनी व्हायरस काढणारी सॉफ्टवेअर लिहायला घेतली. संजय काटकरांचं सुरुवातीचं काम ‘मायकेलँजेलो’ या बूट सेक्टरच्याच व्हायरसवर होतं. पुढे त्यातून क्विक हील उभी राहिली.

सोनीने २०११ मध्ये फ्लॉप्या विकणं थांबवलं. कपाटांतल्या फ्लॉप्या मात्र कुणी थांबवलेल्या नाहीत. जळगावचं विद्यापीठ १९९० चं, म्हणजे त्याची पहिली दहा वर्षं नेमकी फ्लॉपीचीच. त्या काळचे प्रबंध, दिवाळी अंकांची पानं, संस्थांचे अहवाल अशा कितीतरी गोष्टी कुणाकुणाच्या घरी डब्यांत पडून असतील. त्या फ्लॉप्या वाचायच्या तर आधी धातूची झाकणी सरकवून चकतीवर बुरशी किंवा ओरखडे आहेत का ते पाहावं, आणि चुकूनही फॉरमॅटच्या सूचनेला होकार देऊ नये. ग्रीसवीझलसारखं एक छोटं सर्किट जुन्या ड्राइव्हला जोडून सेक्टरांऐवजी चुंबकीय बदलच जसेच्या तसे नोंदवता येतात. मग एकाच ट्रॅकच्या अनेक फेऱ्यांतून चांगला सेक्टर संगणकावर निवडता येतो. मराठी मजकुराला एक अडथळा आणखी आहे. युनिकोडच्या आधी दर कंपनीच्या फॉन्टची सांकेतिक मांडणी वेगळी होती, त्यामुळे फाइल सुखरूप निघाली तरी तिचा फॉन्ट हाती नसेल तर पडद्यावर नुसती चिन्हं दिसतात. म्हणून मजकुराच्या फ्लॉपीबरोबर फॉन्टची फ्लॉपीही शोधावी लागते. आणि दर नव्या मशीनवर बसवायला लागल्यामुळे डब्यातली सर्वांत जास्त घासलेली फ्लॉपी बहुतेक तीच असते.