शाळा एकमेकींशी बोलतात का?

परवा दुबईहून मावसबहिणीचा फोन आला. लेकीसाठी शाळा बघत होती. "ताई, फी विचारली, बोर्ड विचारलं, बसचं विचारलं. अजून काय विचारू?" मी म्हटलं, "शिक्षक नेमताना त्याच्या आधीच्या शाळांना फोन करता का, हे विचार." ती गप्पच झाली. आजचा भाग त्या प्रश्नाबद्दल.

२०१४ साली एक भयंकर प्रकरण उघडकीस आलं. एका अमेरिकन शिक्षकाने चार दशकं देशोदेशीच्या शाळांत नोकरी केली आणि अनेक मुलांचं लैंगिक शोषण केलं. खरं तर १९६९ मध्येच कॅलिफोर्नियात अशाच गुन्ह्यात तो दोषी ठरला होता. तरी नोकऱ्या मिळत गेल्या. कशा?

एक म्हणजे, गुन्ह्यांच्या नोंदी त्या त्या देशापुरत्या असतात. एका देशाचं पोलीस प्रमाणपत्र दुसऱ्या देशातल्या गुन्ह्याबद्दल बहुधा काहीच सांगत नाही. दुसरं म्हणजे, संशय आला की बदनामीच्या भीतीने काही शाळा गुपचूप राजीनामा घेतात, वर शिफारसपत्रही देतात. म्हणजे आपल्या घरातला साप शेजाऱ्याच्या अंगणात सोडायचा!

एकटी शाळा यावर काय करणार? त्यात या शाळा एकमेकींच्या स्पर्धक. म्हणून त्याच वर्षी कौन्सिल ऑफ इंटरनॅशनल स्कूल्ससारख्या संस्थांनी मिळून बालसंरक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय कृतिदल उभं केलं. त्यात शाळांचे संघ होते, मान्यता देणाऱ्या संस्था होत्या, शिक्षक मिळवून देणाऱ्याही होत्या. यातली गंमत लक्षात घ्या: शाळा शेजारणीचं ऐकणार नाही, पण मान्यता देणारीचं ऐकावंच लागतं. शिक्षक जिथे जिथे राहिला तिथली पोलीस तपासणी, आधीच्या मुख्याध्यापकांशी थेट बोलणं, नोकरीत पडलेल्या खंडाचा खुलासा, अशा गोष्टी सगळ्यांनी सारख्याच मागितल्या, तर पळवाट बुजते.

पूर्ण नाही बुजत, हेही सांगते. ही मान्यता बहुतेक ठिकाणी ऐच्छिक असते. पाटीवर 'इंटरनॅशनल' लिहिलं म्हणून ती असेलच असं नाही. आपल्याकडे मात्र २०१२ च्या पोक्सो कायद्याने असा गुन्हा पोलिसांना कळवणं बंधनकारक केलंय. आतल्या आत मिटवणं हाच गुन्हा ठरतो.

बहिणीने दोन शाळांना विचारलं. एक म्हणाली, "आमचे शिक्षक चांगलेच आहेत." दुसरीने तपासणीची यादीच पुढे ठेवली. लेक दुसरीत जातेय.

तुमच्या मुलांच्या शाळेत विचारून बघा. भेटूया पुढच्या भागात!