शिकेकाई आणि रिठा : वस्तू आणि शब्द

आंघोळ आणि न्हाणे हे मराठीतले दोन वेगळे शब्द आहेत. अंगावरून पाणी घेतले की आंघोळ. केस धुऊन डोक्यावरून घेतले की न्हाणे. बडोद्यात किंवा हैदराबादेत वाढलेल्या मराठी मुलांना हा फरक आता समजावून सांगावा लागतो. ज्या वस्तूंनी न्हाणे होत असे, त्या शिकेकाई आणि रिठा बऱ्याच घरांतून गेल्या आणि शॅम्पूच्या बाटलीवरच्या चित्रात उरल्या. म्हणून वस्तू आणि शब्द यांचा एकत्र विचार येथे केला आहे.

शिकेकाई ही काटेरी वेल. तिच्या तपकिरी शेंगा सुकल्यावर सुरकुततात. रिठ्याचा मात्र वृक्ष असतो. त्याच्या फळातली काळी टणक बी काढून टाकायची आणि सुकलेले टरफल वापरायचे. शेंगा व टरफले रात्री भिजत घालून सकाळी उकळतात व कुसकरून गाळतात. किंवा आवळकाठी, नागरमोथा, गव्हला कचोरा घालून शिकेकाई दळून ठेवतात.

दोन्हींचे काम चालते ते सॅपोनिन या द्रव्यामुळे. त्याच्या कणाचा एक भाग शर्करेचा असतो, तो पाण्यात मिसळतो. दुसरा भाग तेलाला धरतो. केसांतले तेल व त्याला चिकटलेला मळ असा सुटून पाण्याबरोबर निघून जातो. जड पाण्यात नेहमीच्या साबणाचा चिकट साका होतो आणि केस राठ लागतात. सॅपोनिनचा तसा साका होत नाही. शिवाय साबण क्षारधर्मी असतो, तर शिकेकाईचे पाणी किंचित आम्ल असते. रेशमी वस्त्रे आणि दागिने धुवायला रिठा निवडला जातो, तोही याच सौम्यपणामुळे.

परंतु वनस्पतीचे म्हणून ते निरुपद्रवी, असे नव्हे. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले की चांगलीच आग होते. म्हणून न्हाताना मुलांना डोळे घट्ट मिटायला सांगत. सॅपोनिन माशांना विषारी असते, तेव्हा हे पाणी तळ्यात किंवा ओढ्यात सोडू नये.

आता नावांकडे वळू. ‘शिकेकाई’तले ‘काई’ म्हणजे द्राविडी भाषांतले ‘काय’, अर्थात फळ किंवा शेंग. कन्नडमध्ये या वेलीला ‘सीगे’ म्हणतात आणि शेंगेला ‘सीगेकाई’. बेळगावकडच्या माणसाला हा शब्द फोडून सांगावा लागत नाही. हिंदीत ‘काई’ म्हणजे शेवाळ. त्यामुळे इंदूर-ग्वाल्हेरकडे नुसत्या ध्वनीवरून अर्थ लावू गेल्यास फसगत होते. ‘शिके’चा संबंध ‘शिखे’शी जोडण्याचा मोह होतो, पण कन्नडमधले ‘सीगे’ हे वेलीचेच नाव आहे, हे त्याआधी ध्यानात घ्यावे.

रिठ्याची वाट निराळी. संस्कृतात तो ‘अरिष्टक’. मराठीने आरंभीचा ‘अ’ टाकला, गुजरातीने ‘अरीठा’त तो राखला. बडोद्याच्या मराठी घरात कोणी ‘अरीठा’ म्हटले तर ते चुकीचे समजून दुरुस्त करू नये. ते रूप मुळाच्या अधिक जवळचे आहे. हैदराबादेत याच फळाला तेलुगूत ‘कुंकुडुकाय’ म्हणतात, आणि तेथे पुन्हा तोच ‘काय’ भेटतो. रिठ्याच्या शास्त्रीय नावातले ‘सॅपिंडस’ म्हणजे भारतीय साबण. त्यातला लॅटिन ‘सापो’, ‘सॅपोनिन’, अरबी ‘साबून’, पोर्तुगीज ‘साबांव’ आणि आपला ‘साबण’ हे एकाच कुळातले.

‘शॅम्पू’ तरी परका कोठे आहे? हिंदी ‘चाँपना’ म्हणजे दाबणे, चेपणे. त्या क्रियापदाच्या ‘चाँपो’ या रूपावरून इंग्रजांनी हा शब्द उचलला. इंग्रजीतही त्याचा पहिला अर्थ अंग रगडणे हाच होता. केस धुणे हा अर्थ नंतर आला.

शिकेकाई सर्वांनी पुन्हा वापरावी, असा आग्रह येथे नाही. पण प्रत्येक केंद्रातल्या वयस्क स्त्रियांकडून या वस्तूंची नावे, त्यांचे मिश्रण आणि न्हाण्याची रीत आताच लिहून घ्यायला हवी. नुसते नाव कोशात गेले आणि रीत सुटली, तर ‘न्हाणे’ म्हणजे ‘स्नान करणे’ एवढाच अर्थ पुढच्या पिढीच्या हाती लागेल.