टाकी कधीच भरत नाही?

दारव्हा असो की दिग्रस, पुसद असो की पांढरकवडा, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात नवे घर दाखवताना घरमालक एक गोष्ट हमखास अभिमानाने सांगतो, "संडासाची टाकी एवढी मोठी बांधली की दहा वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही." ऐकणारा मान डोलावतो आणि आपल्या घरीही तशीच टाकी बांधायचे ठरवतो. वाचकहो, या वेळी आम्ही याच टाकीबद्दल आणि तिच्याजवळ चालणाऱ्या पाण्याच्या मोटरीबद्दल लिहीत आहोत. विषय घाणीचा वाटेल. पण आपल्या दीनमध्ये पाकीला निम्म्या ईमानाचा दर्जा आहे, तेव्हा घाण शेवटी जाते कुठे, हेही आपणच पाहायला हवे.

२ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले. पात्र कुटुंबांना १२ हजार रुपयांचे अनुदान मिळू लागले आणि गावोगाव संडास उभे राहिले. एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. आयाबहिणींना अंधार पडायची वाट पाहावी लागत होती, ते पुष्कळ कमी झाले. ही लहान गोष्ट नाही. मात्र संडासाच्या भिंती सगळ्यांना दिसतात, जमिनीखालचे बांधकाम कोणी पाहत नाही, आणि बिघाड तिथेच असतो.

चांगली टाकी नेहमी भरलेलीच असते

सेप्टिक टाकीचे काम साधे आहे. मैला आत आला की जड भाग तळाशी बसतो, त्याला गाळ म्हणू. तेलकट, हलका भाग वर साय धरतो. मधले पाणी पलीकडच्या पाइपातून शोषखड्ड्यात जाते आणि जमिनीत जिरते. तळाचा गाळ जीवाणू हळूहळू कुजवतात, पण पूर्ण संपवत नाहीत. म्हणून दर दोनतीन वर्षांनी तो उपसावा लागतो.

याचा अर्थ असा की चांगली टाकी वापर सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत बाहेर जाणाऱ्या पाइपापर्यंत भरते आणि पुढे कायम तेवढीच भरलेली राहते. पाणी वर दिसले म्हणून घाबरायचे कारण नाही. उलट ज्या टाकीत पाणी कधी पाइपापर्यंत चढतच नाही, ती बहुधा तळातून किंवा भिंतीतून गळते आहे. अनेक ठिकाणी गवंडी तळाला काँक्रीट टाकतच नाही. "पाणी जिरत राहील, टाकी भरणार नाही," असे सांगतो. घरमालकाला ती सोय वाटते. प्रत्यक्षात ती टाकी नसून मोठा कच्चा खड्डा असतो आणि न कुजलेला मैला थेट जमिनीतल्या पाण्यात उतरत असतो.

टाकी फार मोठी असण्याचीही गरज नाही. पाच माणसांच्या घराला आतून साधारण पाच फूट लांब, अडीच फूट रुंद आणि सव्वातीन फूट पाण्याच्या खोलीची टाकी पुरते. पाण्याच्या वर फूटभर जागा मोकळी हवी. तळ आणि भिंती पक्क्या, आतून प्लास्टर केलेल्या, उपसण्यासाठी झाकण आणि गॅस बाहेर जायला छपरापेक्षा उंच पाइप. एवढे असले की झाले.

काळी माती आणि श्रावण

"उन्हाळ्यात सगळे ठीक असते, पावसाळ्यात संडास तुंबतो." ही तक्रार आपल्या भागात घरोघरी आहे. तिचे कारण टाकीत कमी आणि मातीत जास्त आहे. आपली कापसाची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. फुगली की तिच्यातून पाणी जिरत नाही. शोषखड्डा अशा मातीत असेल तर तो आषाढातच काठोकाठ भरतो, मग टाकीतले पाणी पुढे सरकत नाही आणि मैला भांड्यात परत येतो.

अशा वेळी लोक गाडी बोलावून टाकी उपसतात. दोनचार दिवस बरे जातात, पुन्हा तेच. कारण खड्डा तुंबलेला असताना टाकी उपसणे म्हणजे मोरीचे तोंड बंद ठेवून बादली रिकामी करणे. शिवाय भर पावसात टाकी पूर्ण रिकामी करणे धोक्याचे असते. जमिनीतले पाणी वर आले की प्लास्टिकची हलकी टाकी अक्षरशः उचलली जाते आणि पाइप तुटतात. उपसणी मृगापूर्वीच करून घ्यावी.

खड्डा खोदताना काळा थर ओलांडून मुरूम लागेपर्यंत जावे, असे गवंडी सांगतात. मुरमात पाणी जिरते हे खरे. पण इथेच दुसरी अडचण सुरू होते. काळी माती पाणी फार हळू सोडते, तर भेगाळ मुरूम आणि त्याखालचा फुटका काळा दगड ते फार लवकर सोडतो. माती पाण्याला गाळते, दगडाची भेग गाळत नाही. म्हणून खड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या भूजलाच्या पातळीपेक्षा किमान सहा फूट वर राहील, एवढाच तो खोल घ्यावा. पाणी फार वर येत असेल तर खोल खड्ड्याऐवजी उथळ आणि लांब चर घ्यावा व त्यावर कर्दळ किंवा केळी लावावी.

मोटर आणि टाकी यांतले अंतर

आता बोअरकडे येऊ. प्लॉट लहान असतो. समोर रस्ता, मागे संडास, बाजूला बोअर, आणि पलीकडे शेजाऱ्याची विहीर. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर, म्हणजे साठ फूट दूर हवा. आपल्या खडकाळ भागात त्याहून जास्त असेल तर बरे. तो विहिरीच्या उताराच्या वरच्या अंगाला कधीच नको.

बोअरची मोटर सुरू झाली की ती आजूबाजूचे भूजल आपल्याकडे ओढते. जवळ गळकी टाकी असेल तर तिचे पाणीही त्याच वाटेने येते. काविळीचे काही प्रकार, विषमज्वर आणि गॅस्ट्रो असेच घरात शिरतात. पाणी उकळले तर हे जंतू मरतात. पण मैल्यातून येणारे नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. नायट्रेट जास्त असलेल्या पाण्यात पावडरचे दूध कालवून तान्ह्या बाळाला पाजले तर त्याच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळे पडू शकते. आपल्या जिल्ह्यातल्या काही तालुक्यांत फ्लोराइडचा त्रास आधीच आहे. त्यात ही भर कशाला?

बोअरचा केसिंग पाइप जमिनीच्या वर निदान फूटभर हवा, त्याला घट्ट झाकण हवे आणि भोवती सिमेंटचा ओटा हवा. जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत यवतमाळ शहरात आणि महागाव तालुक्यात घरांमध्ये पाणी शिरले होते. असे पाणी केसिंगवरून आत गेले तर बोअर शुद्ध करून, पाणी तपासूनच प्यावे. गावात जलसुरक्षक असतो, टीसीएल पावडर ग्रामपंचायतीकडे असते आणि तपासणीचे किट हाताळायला गावातल्या पाच महिलांना शिकवण्याची योजना आहे. आपल्या मोहल्ल्यातल्या भगिनींनी त्यात जरूर नाव द्यावे.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. पिण्याच्या पाण्याची मोटर टाकी उपसायला वापरू नका. गाळाने तिचा पंखा अडकतो, मोटर जळते, आणि तीच मोटर परत विहिरीत सोडली तर मैला आपण आपल्या हाताने विहिरीत नेतो.

बिघाड ओळखावा कसा

एकच भांडे तुंबले आणि बाकी सगळे वाहते, तर दोष त्या पाइपात आहे. कपडा, डायपर किंवा सॅनिटरी पॅड अडकलेले असते. सगळ्या घराचे पाणी एकदम संथ झाले, तर गाळ तरी जास्त झाला आहे किंवा शोषखड्डा तुंबला आहे. वास येत असेल तर भांड्याखालचा वाकडा पाइप, ज्याला गवंडी कोंबडा म्हणतात, त्यातले पाणी आटले आहे का ते पाहावे. मग गॅसच्या पाइपाचे तोंड तपासावे. टाकीतला गाळ आणि साय मिळून एकतृतीयांश खोली व्यापली की उपसणीची वेळ झाली. रोज ॲसिड आणि भरमसाठ फिनेल ओतले की गाळ कुजवणारे जीवाणू मरतात. बाजारातली पावडर टाकली म्हणून उपसणी टळत नाही.

मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, तर व्होल्टेज कमी आहे किंवा कपॅसिटर गेला आहे. लगेच बंद करावी. मोटर फिरते पण पाणी नाही, तर पाण्याची पातळी खाली गेली आहे किंवा विहिरीवरच्या मोटरीचा फूट व्हॉल्व्ह गळतो आहे. कोरडी चाललेली मोटर जळतेच. अर्थिंग आणि शॉकपासून वाचवणारा ब्रेकर नसेल तर ओल्या हाताने स्टार्टरला स्पर्श म्हणजे जिवाशी खेळ.

वुजूचे पाणी टाकीत कशाला?

इस्तिंजासाठी पाणी लागणारच, त्याचा टाकीला त्रास नाही. त्रास होतो तो अंघोळीचे, कपड्यांचे आणि वुजूचे पाणी त्याच टाकीत सोडल्याने. एवढ्या पाण्याच्या लोंढ्यात गाळाला खाली बसायला वेळच मिळत नाही. हे पाणी वेगळे काढून परसातल्या झाडांना द्यावे. मशिदीच्या वुजूखान्याचे पाणीही संडासाच्या टाकीशी जोडू नये. त्याला वेगळा खड्डा हवा. शादीच्या घरी आणि रमजानमध्ये पाहुणे वाढतात, तेव्हा हे अधिकच जाणवते. बकरीद झाल्यावर रक्त, चरबी आणि आतड्यांचे तुकडे मोरीत धुऊन सोडू नयेत. चरबी पाइपात गोठते आणि महिनाभराने घर तुंबते. पैगंबर (स.) लिटरभराच्या आतबाहेर पाण्यात वुजू करत, असे हदीसमध्ये आले आहे. नळ सोडून वुजू करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

माणसाला आत उतरवू नका

११ मे २०२३ च्या रात्री परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा शिवारात सेप्टिक टाकी साफ करताना पाच मजुरांचा गुदमरून मृत्यू झाला. ते आपल्याच समाजातले आणि एकमेकांचे नातलग होते. एक आत कोसळतो, दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. अशा बहुतेक दुर्घटना याच क्रमाने घडतात.

टाकीत ऑक्सिजन नसतो. हायड्रोजन सल्फाइड असतो. तो जास्त असला की नाकच बधिर होते, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटते धोका नाही. मिथेन पेट घेतो, म्हणून झाकणाजवळ विडीसुद्धा नको. झाकण काही तास उघडे ठेवले किंवा पेटता दिवा आत सोडून पाहिला, म्हणजे टाकी सुरक्षित झाली असे मुळीच नाही. कोणी आत पडलाच तर मागोमाग उतरू नका; ११२ वर फोन करा, वरून दोर टाका.

२०१३ च्या कायद्याने माणसाकडून अशी धोकादायक सफाई करून घेणे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि कामाला लावणाऱ्या घरमालकालाही तो लागू आहे. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूंची भरपाई ३० लाख रुपये ठरवली. पण कोणत्याही रकमेने कोणाच्या मुलांचे अब्बा परत येत नाहीत. नगरपालिकेची किंवा खासगी उपसणीची गाडी बोलवा. दोनतीन घरांनी एकाच दिवशी बोलावली तर खर्च वाटला जातो. गाडीवाला मैला नाल्यात ओतणार नाही ना, हेही विचारा.

नवे घर बांधणाऱ्यांना आमचा सल्ला आहे की जागा असेल आणि भूजल फार वर नसेल, तर टाकीऐवजी दोन खड्ड्यांचा संडास बांधा. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा. पहिल्यातल्या मैल्याचे वर्षदीड वर्षात कोरडे, वास नसलेले खत होते. ना गाडी, ना गॅसच्या टाकीत कोणाचा जीव. मात्र विहिरीपासूनचे अंतर इथेही पाळायचेच.

आणि ज्यांच्या घरी टाकी आहे, त्यांनी मृगापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. टाकीचा तळ पक्का आहे का, ते बांधणाऱ्या गवंड्याला विचारावे. शोषखड्ड्यापासून आपल्या बोअरपर्यंत आणि शेजाऱ्याच्या विहिरीपर्यंत टेप लावून मोजावे. दोन्हींचे पाणी तपासून घ्यावे. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपण जुम्याच्या बयानात पुष्कळ ऐकतो. त्याच्या विहिरीत आपली घाण जाऊ न देणे हाही त्या हक्काचाच भाग आहे, मग तो शेजारी कोणत्याही धर्माचा असो.