डीप स्प्रिंग्ज : गोठा सांभाळणारे विद्यार्थी, कॉलेज चालवणारे विद्यार्थी

कॅलिफोर्नियाच्या पूर्व कडेला, नेवाडाच्या सीमेजवळ, डोंगरांनी वेढलेले एक ओसाड खोरे आहे. पश्चिमेकडून येणारे ढग सिएरा नेवाडाच्या रांगेवर रिते होतात. सह्याद्रीच्या पाठीमागे माणदेश कोरडा राहतो, त्यातलाच हा प्रकार. पाच हजार फुटांहून अधिक उंचीवरच्या या खोऱ्यात खुरट्या झुडपांच्या पसाऱ्यात एक हिरवा तुकडा दिसतो. डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यावर पोसलेली ही लसूणघासाची शेते. त्यांच्या कडेलाच डीप स्प्रिंग्ज कॉलेज आहे.

विद्यार्थी २४ ते ३०, अभ्यासक्रम दोन वर्षांचा. फी नाही, राहणे-जेवणेही मोफत. त्या बदल्यात म्हणा किंवा शिक्षणाचा भाग म्हणून म्हणा, प्रत्येकाने आठवड्याला किमान २० तास अंगमेहनत करायची.

या कल्पनेमागे ल्युसियन ल्युसियस नन हा माणूस होता. कोलोरॅडोतल्या टेल्युराइडजवळ, डोंगरात उंचावर असलेल्या सोन्याच्या खाणीला कोळसा पोचवणे परवडेना, तेव्हा १८९१ मध्ये त्याने खाली एम्स येथे जलविद्युत केंद्र उभारून प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह काही किलोमीटर वर नेला. हे तंत्र इतके नवे होते की ते जाणणारी माणसे मिळेनात. मग ननने तरुण मुले घेतली. त्यांच्याकडून केंद्रे चालवून घेता घेता तिथेच त्यांना शिकवले. हातातले काम आणि डोक्यातला अभ्यास यांची सांगड त्याला इतकी पटली की विजेच्या धंद्यातून बाहेर पडल्यावर १९१७ मध्ये त्याने या खोऱ्यात कॉलेज काढले. शिक्षण, श्रम आणि स्वशासन हे त्याचे तीन आधारस्तंभ आजही तसेच आहेत.

श्रमाची वाटणी विद्यार्थ्यांनीच निवडलेला कामप्रमुख करतो. कुणाच्या वाट्याला स्वयंपाकघर येते, कुणाच्या वाट्याला भाजीचा मळा, कुणाला शेताला पाणी द्यायचे असते, तर कुणाला जनावर कापून त्याचे मांस करायचे असते. दूध काढण्याची पाळी असलेले अंधार असतानाच गोठ्यात जातात. रात्री जागून ग्रीक तत्त्वज्ञान वाचले, ही सबब गाईला चालत नाही. कास भरली की धार काढावीच लागते आणि ती काढली नाही, तर न्याहारीला दूध कमी पडते. मग चुकलेल्या माणसाकडे सगळे टेबल बघते. उन्हाळ्यात गुरे शेजारच्या व्हाइट पर्वतरांगेवर चरायला नेतात, तेव्हा काही विद्यार्थी घोड्यावर बसून त्यांच्यामागे असतात.

स्वशासनही तोंडदेखले नाही. पुढच्या वर्षी कुणाला प्रवेश द्यायचा, कोणता प्राध्यापक बोलवायचा, कोणते विषय शिकवायचे, यात विद्यार्थ्यांच्या समित्यांचा शब्द चालतो; विश्वस्त मंडळावरही विद्यार्थी बसतात. सत्र सुरू असताना खोरे सोडायचे नाही आणि दारूला हात लावायचा नाही, हे नियम विद्यार्थी स्वतःवर लादून घेतात. वक्तृत्व हा विषय मात्र कुणालाच चुकत नाही. सभेत उभे राहून म्हणणे मांडता आले नाही, तर मताचा उपयोग काय?

खोऱ्यातले एकटेपण केवळ माणसांचेच नाही. इथल्या झऱ्यांच्या काठी पांढऱ्या ठिपक्यांचा एक काळा भेक राहतो. तो मूळचा याच खोऱ्यातला, जगात इतरत्र कुठलाच नाही. हिमयुगानंतर आजूबाजूची सरोवरे आटली आणि त्याचे पूर्वज या ओलीपुरते अडकून पडले. त्याच्या शास्त्रीय नावातल्या ‘एक्सुल’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘परागंदा’. वरच्या डोंगरावर ब्रिसलकोन पाइन आहेत. त्यांतल्या ‘मेथुसेला’ या झाडाचे वय ४८०० वर्षांहून अधिक मोजले गेले आहे.

ननने हे कॉलेज मुलग्यांसाठी काढले होते. मुलींना प्रवेश देण्याचा निर्णय विश्वस्तांनी २०११ मध्ये घेतला, पण प्रकरण न्यायालयात गेले आणि पहिल्या विद्यार्थिनी २०१८ मध्ये आल्या. लेखक विल्यम व्होलमन इथेच शिकला. बहुतेक जण दोन वर्षांनी मोठ्या विद्यापीठांत पुढचे शिक्षण घ्यायला जातात. जाताना ते गोठ्याची पाळी नव्या हातांत सोपवतात. ते नवे हात कुणाचे असावेत, हेही त्यांनीच ठरवलेले असते.