गर्भाशयगत ग्रंथी : व्याधिविनिश्चय व चिकित्सेचा क्रम

"डॉक्टर, पिशवी काढायला सांगितली आहे. आयुर्वेदात काही आहे का?" सोनोग्राफीचा अहवाल पुढे ठेवून विचारला जाणारा हा प्रश्न आपणा सर्व वैद्यबंधुभगिनींच्या परिचयाचा आहे. या प्रश्नाचे उत्तर केवळ 'आहे' किंवा 'नाही' असे देता येत नाही. गाठ कोठे आहे, ती रुग्णेला काय त्रास देते आणि रुग्णेचे वय व अपेक्षा काय, या तीन गोष्टींवर ते अवलंबून असते.

व्याधिस्वरूप

फायब्रॉईड ही गर्भाशयाच्या स्नायुपेशींपासून उत्पन्न होणारी सौम्य स्वरूपाची गाठ होय. तिची वाढ इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या दोन्ही स्रावांवर अवलंबून असते. म्हणूनच प्रजननक्षम वयात ती आढळते व रजोनिवृत्तीनंतर बहुधा आक्रसते. तिचे कर्करोगात रूपांतर होते ही रुग्णांच्या मनातील भीती बहुतांशी अनाठायी आहे. मात्र रजोनिवृत्तीनंतरही गाठ वाढत असेल तर ती फायब्रॉईडच आहे असे गृहीत धरू नये.

गाठीच्या आकारापेक्षा तिच्या स्थानास अधिक महत्त्व आहे. पोकळीत डोकावणारी अंतःस्तराखालील गाठ लहान असूनही अतिरक्तस्राव व वंध्यत्व निर्माण करते. स्नायुभित्तीतील गाठ मोठी झाल्यास स्राव व वेदना वाढवते. बाह्यस्तराखालील गाठ बराच काळ निरुपद्रवी राहून पुढे मूत्राशय वा मलाशयावर दाब आणते. आंतरराष्ट्रीय स्त्रीरोगतज्ज्ञ महासंघाने २०११ साली शून्य ते आठ अशी स्थानानुसार वर्गवारी केली. अहवालात हा क्रमांक नसल्यास सोनोलॉजिस्टकडे त्याची विचारणा अवश्य करावी.

आयुर्वेदीय विचार

फायब्रॉईड या नावाचा व्याधी संहितांत नाही. सुश्रुतांनी निदानस्थानात वर्णिलेले ग्रंथी व अर्बुद, चरकोक्त रक्तगुल्म आणि असृग्दर यांच्या आधारे आपण त्याचा विचार करतो. गोल, स्थिर, मंद वेदनेचे, हळूहळू वाढणारे व न पिकणारे हे अर्बुदाचे वर्णन गाठीस जुळते. तिच्यामुळे होणारा स्राव असृग्दराच्या कक्षेत येतो. कफ व मेदाची दुष्टी, अपानवायूचा अवरोध व रक्ताची विकृती अशी संप्राप्ती मांडता येते. एकच नाव लावून एकच कल्प देणे मात्र शास्त्रास धरून नाही.

रक्तगुल्माच्या संदर्भात चरकांची एक सूचना आजही तितकीच मोलाची आहे. दहावा महिना उलटल्यावरच रक्तगुल्माची चिकित्सा करावी, असे त्यांनी सांगितले. गर्भ व गुल्म यांत भ्रम होऊ नये, हा त्यामागील एक हेतू मानला जातो. आज मूत्रपरीक्षेने हा भ्रम काही मिनिटांत दूर होतो. तरीही ती परीक्षा न करताच भेदन वा विरेचन द्रव्ये दिली जातात, ही खेदाची बाब आहे.

आमच्याकडून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी बेचाळीस वर्षांची एक रुग्णा आमच्याकडे आली. स्नायुभित्तीतील गाठ ५.२ सेंमी, हिमोग्लोबिन ९.८. आम्ही कांचनार गुग्गुळ व वरुणादी क्वाथ सुरू केला. चार महिन्यांनी गाठ ४.७ सेंमी झाल्याचे पाहून आम्ही समाधान मानले. पाचव्या महिन्यात ती धाप लागलेल्या अवस्थेत, पायांवर सूज घेऊन आली. हिमोग्लोबिन ५.४ होते. तिला रक्त द्यावे लागले. पहिल्याच अहवालाच्या दुसऱ्या ओळीत पोकळीतील दोन सेंमीच्या गाठीचा उल्लेख होता आणि स्राव तिच्यामुळे होत होता. मोठ्या गाठीकडे पाहताना आम्ही ती ओळ वाचलीच नव्हती. पुढे दुर्बिणीद्वारे तेवढीच गाठ काढण्यात आली आणि पिशवी वाचली.

या प्रसंगातून आम्ही दोन गोष्टी शिकलो. प्रथम, रुग्णेच्या हिताचे माप गाठीचे सेंटिमीटर नसून तिचे हिमोग्लोबिन आहे. दुसरे, अर्ध्या सेंटिमीटरचा फरक मोजणीतील तफावतीनेही येऊ शकतो. तुलना करावयाची तर एकाच केंद्रात, मासिक पाळीच्या त्याच दिवसांत, तिन्ही मापे घेऊन करावी. लांबी, रुंदी व उंची यांचा गुणाकार करून त्यास ०.५२ ने गुणल्यास घनफळ मिळते. गोल गाठ तीनची चार सेंमी झाली की घनफळ १४ वरून सुमारे ३३ घनसेंमी होते. 'थोडीच वाढली' असे म्हणताना हे ध्यानात असावे.

चिकित्सेचा क्रम

लक्षणे नसलेल्या लहान गाठीस औषध द्यावेच असे नाही. ठरावीक अंतराने तपासणी पुरेशी असते. स्राव अधिक असल्यास प्रथम रक्तस्तंभन व पांडुचिकित्सा करावी. लोध्र, अशोक, पुष्यानुग चूर्ण, तसेच धात्रीलोहासारखे लोहकल्प येथे उपयुक्त ठरतात. गुग्गुळ उष्ण असल्याने स्राव सुरू असताना टाळणे श्रेयस्कर. स्राव आटोक्यात आल्यावर कफमेदोहर व लेखन चिकित्सा, बलाबल पाहून बस्ती यांचा विचार करावा. लक्षणांत उपशय मिळणे व गाठ नाहीशी होणे या भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्याचे आश्वासन देऊ नये.

तासाला एक पॅड भिजणे, चक्कर येणे, हिमोग्लोबिन ७ च्या खाली जाणे, लघवी अडणे, वयाच्या पंचेचाळिशीनंतर अनियमित स्राव वा रजोनिवृत्तीनंतर कोणताही स्राव होणे, यांपैकी काहीही आढळल्यास विलंब न लावता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

आधुनिक पर्यायांची माहितीही आपणांस असावी. ट्रॅनेक्सामिक आम्ल स्राव कमी करते, गाठ कमी करीत नाही. लेव्होनॉरजेस्ट्रेलयुक्त तांबी पोकळी विकृत नसल्यास उपयोगी पडते. गाठ आक्रसविणारी संप्रेरकविरोधी औषधे मर्यादित काळ दिली जातात. अपत्याची इच्छा असल्यास केवळ गाठ काढण्याची शस्त्रक्रिया करता येते. रक्तवाहिनी बंद करण्याची पद्धत १९९५ पासून ज्ञात आहे. गर्भाशय काढणे हा अंतिम पर्याय असून काही रुग्णांत तो योग्यही असतो. तथापि २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला, तेव्हा तरुण वयात पिशव्या किती सहज काढल्या जातात हे महाराष्ट्राने पाहिले. 'पिशवी काढा' व 'औषधाने विरघळवतो' ही दोन्ही टोके रुग्णेस सारखीच घातक आहेत.

औषधविक्रेत्यांसाठी

'गाठीवरचे औषध द्या' म्हणून येणाऱ्या स्त्रीस वैद्याच्या पत्राविना कल्प देऊ नये. विशेषतः रसौषधी व अनुसूची ई-१ मधील विषद्रव्ययुक्त औषधे वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. गर्भाशयाचे विकार, मासिक स्रावाचे विकार व अर्बुदे ही १९५४ च्या औषधी व जादुई उपचार कायद्याच्या अनुसूचीत समाविष्ट आहेत. अशा विकारांवरील उपचाराची जाहिरात करणे हा गुन्हा ठरतो. दुकानातील फलकही त्यास अपवाद नाही.

रुग्णा आपल्याकडे विश्वासाने येते. पहिल्या भेटीत मूत्रपरीक्षा, हिमोग्लोबिन व संपूर्ण अहवालाचे वाचन एवढे तरी आपण चुकवू नये. आम्ही ते एकदा चुकवले. वाचकांनी ते टाळावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.