ए.सी.तला गॅस ‘संपत’ नसतो!

मे महिन्यातली दुपार. अकोल्याचं ऊन काय असतं, ते ज्यांनी सोसलंय त्यांनाच कळेल. पारा ४५ च्या वर, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि घरात ७८ वर्षांच्या सासूबाई नुकत्याच दवाखान्यातून आलेल्या. डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं, ‘यांना उन्हाची झळ लागू देऊ नका, खोली थंड ठेवा.’ आणि नेमका त्याच आठवड्यात ए.सी.नं दगा दिला! पंखा फिरतोय, वारा येतोय, पण गारवा म्हणून नाही.

यजमान कामावर. मग ए.सी.वाल्याला फोन कोण करणार? आपणच. एक तरुण मुलगा आला, दोन मिनिटं पाहून म्हणाला, “मॅडम, गॅस संपलाय. भरावा लागेल.” मला ते लगेच पटलं. स्वयंपाकघरातला गॅस महिना-दीड महिन्यात संपतो, तसा हाही संपला असेल! तीन हजार रुपये मोजले. खोली गार झाली. बाराव्या दिवशी ये रे माझ्या मागल्या! तोच मुलगा पुन्हा आला. “मॅडम, यंदा ऊन जास्त आहे ना, गॅस लवकर संपतो.”

दुसऱ्यांदा तीन हजार काढणार, तोच शेजारच्या वहिनींनी हात धरला आणि एका जुन्या कारागिरांना बोलावून आणलं. काकांनी बाहेरच्या डब्याजवळ बसून तांब्याच्या नळ्यांवरून नुसतं बोट फिरवलं. एका जोडाला तेलकट डाग होता. तिथं त्यांनी साबणाचा फेस लावला, तर बारीक बुडबुडे यायला लागले. माझ्याकडे वळून म्हणाले, “ताई, हा गॅस काय सयपाकाच्या सिलिंडरसारखा जयते का संपाले?”

मैत्रिणींनो, त्या एका वाक्यानं माझे डोळे उघडले. पुढं चहा पिता पिता काकांनी जे शिकवलं, आणि नंतर मी विचारून, वाचून जे जमवलं, ते आज तुमच्यापुढं ठेवते आहे.

गारवा तयार होत नाही, उष्णता बाहेर जाते

ए.सी. थंडी ‘बनवत’ नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. आतल्या युनिटमधल्या नळ्यांत गॅस उष्णता शोषून घेतो, बाहेरचा कॉम्प्रेसर तो दाबतो, बाहेरच्या डब्यात ती उष्णता हवेत सुटते आणि तोच गॅस पुन्हा आत येतो. विहिरीचा रहाट पाहिलाय ना? पोहरे तेच, पाणी मात्र उपसलं जातं. तसंच हे. गॅस तोच फिरत राहतो, खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर एकच अर्थ: कुठंतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं.

तेव्हा ‘गॅस कमी आहे’ असं कुणी म्हटलं, की शांतपणे चार प्रश्न विचारायचे. गळती कुठं आहे ते दाखवता का? ती बुजवून पुन्हा तपासलीत का? गॅस भरण्याआधी व्हॅक्युम पंपानं नळ्यांतली हवा आणि ओल काढणार ना? आणि गॅस काट्यावर वजन करून, मशीनवरच्या पट्टीवर लिहिलाय तितकाच भरणार ना? चांगला कारागीर या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खूश होतो.

गॅसचा प्रकारही त्याच पट्टीवर लिहिलेला असतो. जुन्या मशीनमध्ये आर-२२, नंतरच्या काहींत आर-४१०ए, हल्लीच्या बहुतेकांत आर-३२. एकाच्या जागी दुसरा भरून चालत नाही. आर-३२ थोडासा पेट घेऊ शकतो. काही मशीनमध्ये आर-२९० असतो, म्हणजे चक्क प्रोपेन. आपल्या शेगडीच्या गॅसचाच भाऊबंद, चांगलाच ज्वालाग्राही! म्हणून दुरुस्ती चालू असताना खिडक्या उघड्या ठेवा, आणि त्या खोलीत उदबत्ती, निरांजन, सिगारेट काहीही नको.

जाळी धुणं: आपल्या हातातलं काम

खरं सांगू? ‘ए.सी. गार करत नाही’ अशी तक्रार आली, की आधी जाळी पाहावी. पुष्कळदा दोष तिथंच सापडतो. जाळी धुळीनं भरली की हवा आत जात नाही. मशीन तासन्‌तास चालतं, बिल वाढतं आणि गारवा कमी होतो. हवा फारच अडली तर आतल्या नळ्यांवर बर्फसुद्धा जमतो. बर्फ दिसला म्हणजे मशीन जोरात चाललंय, असं समजू नका हं! जाळी तुंबली आहे किंवा गॅस गळतो आहे, त्याची ती खूण. अशा वेळी फक्त पंख्यावर ठेवून बर्फ आपोआप वितळू द्यावा. उलथनं किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालून तो खरवडायला जाल, तर नळीला भोक पडेल.

उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी जाळी धुवावी. आधी भिंतीवरचा मेन स्विच बंद करा. नुसत्या रिमोटवर विसंबू नका. समोरचं झाकण वर उचललं की जाळ्या हातात येतात. आधी धूळ झटका, मग कोमट पाण्यात थोडी साबणाची पावडर घालून जुन्या मऊ ब्रशनं हलकेच धुवा. उकळतं पाणी नको, जाळी वाकडी होते. वाळवायची सावलीत, उन्हात नाही. पूर्ण सुकल्यावरच बसवा. जाळीमागच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांना मात्र हात लावू नका. त्या धारदार असतात आणि चटकन वाकतात. तिथली सफाई, म्हणजे पाण्याच्या दाबाची सर्व्हिस, कारागिराकडूनच करून घ्यावी. आणि हो, जाळीवर अत्तर, फिनेल असलं काही शिंपडू नये.

पाणी गळतंय? आणि पाणी येतच नाही?

हवेतला दमटपणा आतल्या गार नळ्यांवर पाणी होऊन साचतो आणि पाइपानं बाहेर जातो. मुंबई-कोकणात बादली भरेल इतकं पाणी येतं. आमच्याकडे मे महिन्याच्या कोरड्या हवेत जेमतेम टिपटिप. म्हणून पाणी कमी आलं की मशीन बिघडलं, असं नाही. पण तेच पाणी भिंतीवरून घरात ओघळलं, तर पाइपात शेवाळ किंवा मळ अडकला आहे असं समजावं. पाइपाला सतत उतार हवा, आणि त्याचं बाहेरचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेलं नको. हे पाणी कुंड्यांना घाला, फरशी पुसायला वापरा. पिऊ मात्र नका, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतही घालू नका. त्यात धूळ आणि धातूचे कण असतात.

कूलर आणि ए.सी. एकाच खोलीत नकोत

आमच्या वऱ्हाडात घरोघरी कूलर. ‘दोन्ही लावले की दुप्पट गार होईल’ हा मोह मलाही झाला होता. पण कूलर पाण्याची वाफ करून गारवा देतो, म्हणजे हवेत ओल वाढवतो. ती ओल काढण्यात ए.सी.ची शक्ती खर्ची पडते. शिवाय कूलरला खिडकी उघडी लागते, ए.सी.ला बंद. सासू-सून एका चुलीवर एकाच वेळी पोळ्या करायला बसल्या तर काय होईल? तसंच! कोरड्या मे महिन्यात कूलर उत्तम आणि खर्चही कमी. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलरनं नुसतं चिकचिक होतं, तेव्हा ए.सी. लावावा. पावसाळ्यात फार उकाडा नसेल तर रिमोटवरचं ‘ड्राय’ वापरून पाहा.

छताचा पंखा मात्र ए.सी.चा खरा सोबती. पंखा हळू फिरत असला की २६-२७ अंशांवरही छान वाटतं.

१८ वर ठेवलं की लवकर गार होतं?

नाही, मैत्रिणींनो! साधं मशीन १८ वर ठेवा की २६ वर, गार करण्याचा वेग तोच. फरक इतकाच, की १८ वर ते थांबायचंच विसरतं. इन्व्हर्टर ए.सी. हवा तसा वेग कमी-जास्त करतो, पण १८ वर ठेवलं की त्यालाही उसंत नाही. एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता विभाग, म्हणजे बी.ई.ई., सांगतो. १ जानेवारी २०२० पासून तारांकित ए.सी. सुरू केल्यावर आपोआप २४ वर लागला पाहिजे, असा नियमच झाला. आमच्या घरी आता २६ आणि पंखा.

दुपारचं ऊन खिडकीतून आत येत असेल तर जाड पडदा किंवा बाहेरून वाळ्याचा पडदा लावा. दाराखालची फट जुन्या साडीची गुंडाळी करून बुजवा. पण सकाळी लवकर खिडक्या उघडायला विसरू नका, घरगुती ए.सी. खोलीतलीच हवा फिरवत राहतो, ताजी हवा आणत नाही.

बाहेरचा डबा आणि विजेची तार

बाहेरच्या डब्याला मोकळी हवा हवी. वर सावली असली तर उत्तमच, पण चारही बाजूंनी जाळ्या-पत्रे ठोकून कोंडू नका. त्याच्यासमोर धुणं वाळत घालू नका. कबुतरं मागे घरटं करतात. काड्या आणि विष्ठा पात्यांत अडकली की उष्णता बाहेर जाईना. पाल आत शिरून इलेक्ट्रॉनिक पट्टीवर मेली तर पट्टीच जळते, म्हणून तारा-नळ्या भिंतीतून जातात ती भोकं बुजवून घ्या. समुद्रकाठच्या मैत्रिणींनी आणि ज्यांचा डबा गटारावर, नाल्यावर आहे त्यांनी जास्त जपावं. खारी हवा आणि नाल्याचे वायू नळ्या कुरतडतात.

ए.सी.ला स्वतंत्र तार, स्वतंत्र एम.सी.बी. आणि नीट अर्थिंग हवंच. एक्स्टेन्शन बोर्डावर कधीही नाही! प्लग गरम लागला, तपकिरी झाला किंवा जळका वास आला, तर तत्काळ मेन बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. वीज जाऊन आली की तीन मिनिटं थांबूनच मशीन सुरू करा. आणि बाहेरचा डबा स्वतः उघडू नका; मेन बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा साठा राहू शकतो.

वर्षाचा नेम

फेब्रुवारीत, होळीच्या आधीच सर्व्हिस करून घ्यावी. एप्रिल-मेमध्ये कारागीर देवासारखा दुर्मिळ होतो! सर्व्हिस झाल्यावर घरातली परीक्षाही घ्यावी. मशीन पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. मग आत जाणाऱ्या हवेजवळ आणि बाहेर येणाऱ्या गार हवेजवळ खोलीचं तापमान दाखवणारा थर्मामीटर धरा (तापाचा नव्हे बरं का!). मशीन पूर्ण जोरात असताना साधारण ८ ते १२ अंशांचा फरक दिसला तर सगळं ठीक.

हंगाम संपला की तास-दोन तास नुसत्या पंख्यावर चालवून आतून कोरडं करा, मेन बंद करा, रिमोटचे सेल काढून ठेवा. बाहेरच्या डब्याला प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. आत ओल धरते आणि उंदीर घर करतात. वरून पत्रा किंवा झाकण पुरे. आणि एक छोटी वही करा: सर्व्हिसची तारीख, काय काम झालं, किती पैसे दिले, कुणी केलं. दुधाच्या हिशेबाशेजारी तिला जागा मिळेल. पुढच्या वेळी कुणी ‘गॅस संपलाय’ म्हणालं, की ती वही उघडायची.

आता एक मनातलं सांगते. पूर्वी मी दुपारी घरी एकटी असले की ए.सी. लावतच नसे. ‘एकटीसाठी कशाला? बिल येईल.’ हे आले, मुलं आली की मगच बटण दाबायचं. काकांनी मशीन दुरुस्त केलं त्या दुपारी मी सासूबाईंना खोलीत झोपवून स्वयंपाकघरात घाम पुसत उभी होते. आत गेले, तर सासूबाई जाग्याच. म्हणाल्या, “अगं, इतकं सगळं शिकलीस ना त्यांच्याकडून? मग हेही शीक. इथं दोघींपुरता गारवा आहे. ये, पड जरा.”

त्या दिवसापासून दुपारी दोन ते चार आम्ही दोघी त्या खोलीत असतो. जाळी स्वच्छ, २६ अंश, पंखा हळू. पुढच्या महिन्याचं बिल हातात आलं तेव्हा भीतभीतच पाहिलं. आदल्या वर्षीच्या मे महिन्यापेक्षा ते कमी होतं!

तेव्हा मैत्रिणींनो, आज संध्याकाळी तेवढी जाळी काढून पाहाच. किती धूळ निघाली, ती बघून तुम्हालाच हसू येईल.