परीक्षेत नापास झाला तर नोंदणी जाते. कोर्टात दोषी ठरला तर?

महारेराने २०२४ मध्ये सुमारे २० हजार इस्टेट एजंटांची नोंदणी स्थगित केली, तेव्हा घर शोधून दमलेल्या बऱ्याच लोकांनी ‘बरं झालं’ म्हटलं. कारण साधं होतं. सक्तीचं प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यायची आणि प्रमाणपत्र महारेराच्या संकेतस्थळावर चढवायचं, एवढं या मंडळींनी केलं नव्हतं. परीक्षा हवीच. कारपेट म्हणजे काय आणि बिल्टअप म्हणजे काय, हे विचारल्यावर ज्याची नजर छताकडे जाते, त्याला दोन टक्के दलाली का द्यावी?

पण दुसरा एजंट घ्या. परीक्षा पास, फी भरलेली, रेरा नंबर पाटीवर ठळक. पुढे एका कोर्टात तो फसवणुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरतो. त्याच्या नंबरचं काय होतं?

आपोआप काहीच होत नाही. रेरा कायद्याच्या कलम ९(७) मध्ये नोंदणी रद्द किंवा स्थगित करण्याची कारणं दिली आहेत. नोंदणीच्या अटींचा किंवा कायदा-नियमांचा भंग झाला असेल, किंवा नोंदणीच खोटेपणाने मिळवली असेल, तर एजंटाची बाजू ऐकून घेऊन कारवाई करता येते. कोर्टात गुन्हा सिद्ध होणं हे या यादीत स्वतंत्र कारण म्हणून नाही. फसवणूक रेरा नोंदणी असलेल्या प्रकल्पातल्या फ्लॅटची असेल, तर कलम १० मधल्या गैरप्रथांच्या तरतुदीतून वाट काढता येईल. ती मित्राच्या भिशीत, पतसंस्थेत किंवा नातेवाइकाच्या जमिनीच्या बनावट कुलमुखत्यारपत्रात केलेली असेल, तर ही वाटही बंद.

गंमत म्हणजे याच कायद्याला दोषसिद्धीचा विचार सुचलेलाच नाही, असं नाही. कलम २६ प्रमाणे प्राधिकरणाचा अध्यक्ष किंवा सदस्य नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरला, तर सरकार त्याला पदावरून काढू शकतं. खुर्चीवर बसणाऱ्याचं चारित्र्य तपासायचं. तुमच्याकडून टोकन घेणारा, मूळ कागद हाताळणारा, रिकाम्या घराच्या किल्ल्या खिशात घालून फिरणारा माणूस मात्र तसाच सोडायचा.

शेजारच्या धंद्यात काय चालतं बघा. विमा एजंट तुमच्याकडून हप्त्याचा चेक नेतो. त्याच्यासाठी १९३८ च्या विमा कायद्यातच, कलम ४२ मध्ये, अपात्रता लिहून ठेवली आहे: अफरातफर, विश्वासघात, फसवणूक किंवा बनावट दस्तऐवज यांत दोषी ठरलेल्याला एजंट होता येत नाही. शिक्षा भोगून पाच वर्षं झाली की साधारणपणे ही अपात्रता उठते. मला हे कलम फार आवडतं. गुन्हे मोजके, चारही पैशाशी आणि कागदाशी संबंधित, आणि माणसाला परत यायला दार ठेवलेलं. वकिलांच्या कायद्यातही सनद देताना अशीच अट आहे. सुटकेनंतर दोन वर्षांनी ती संपते. वर्षाला काही हजारांचा हप्ता नेणाऱ्याला ही चाळणी लागते, आणि आयुष्यभराची कमाई ज्याच्या भरवशावर हलते त्याला लागत नाही, याचं समर्थन मला तरी कुणाकडून ऐकायला मिळालेलं नाही.

या बाबतीत कॅलिफोर्निया दुसऱ्या टोकाला आहे. तिथे लायसन्ससाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात. नंतर दोषी ठरल्यास ते ३० दिवसांत स्वतःहून खात्याला कळवायचं. गंभीर गुन्ह्याचं नुसतं आरोपपत्र दाखल झालं तरीही. त्यानंतर स्वतंत्र न्यायाधीशापुढे सुनावणी होते आणि मुख्य प्रश्न एकच असतो: या गुन्ह्याचा एजंटाच्या कामाशी ठोस संबंध आहे का? गुन्हा किती जुना, नुकसानभरपाई दिली का, माणूस सुधारला का, हेही पाहतात. लायसन्स रद्द करण्याऐवजी अटी घालून मर्यादित लायसन्स देण्याचीही सोय आहे.

ऐकायला हे सगळं शहाणपणाचं वाटतं. पण ‘ठोस संबंध’ हा रबरासारखा ताणला जातो. १९७९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयासमोर एका ब्रोकरचं प्रकरण आलं. विक्रीसाठी गांजा बाळगल्याबद्दल तो दोषी ठरला होता. घरांच्या व्यवहारात त्याने कुणाला फसवलं, असा आरोप नव्हता. तरीही लायसन्स रद्द करण्याचा निर्णय न्यायालयाने कायम ठेवला; या व्यवसायात प्रामाणिकपणा रोजच्या कामाचा भाग आहे आणि नफ्यासाठी कायदा मोडणाऱ्यावर तो भरवसा ठेवता येत नाही, असा एकूण सूर. त्याच राज्यात आज परवाना घेऊन गांजाची दुकानं चालतात. ‘ठोस संबंधा’च्या तिथल्या निकषांत दारू किंवा अमली पदार्थांशी निगडित दोन शिक्षांचाही समावेश आहे, त्यांतली एक गाडी चालवण्याशी संबंधित असली म्हणजे झालं. ग्राहकाला गाडीत बसवून घरं दाखवायची असतात, हे मान्य. पण असं ताणत गेलं तर कुठलाही गुन्हा कुठल्याही धंद्याला जोडता येतो, आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसाला सरळ पोट भरायचीही वाट उरत नाही. हे तिथल्या आमदारांनाही पटलं असावं. जुलै २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीने नवं लायसन्स नाकारताना बहुतेक गुन्ह्यांसाठी सात वर्षांची मर्यादा घातली. गंभीर गुन्हे वगळले, आणि इस्टेट एजंटांच्या बाबतीत आर्थिक गुन्हेही.

आपल्याकडे आणखी एक काळजी घ्यावी लागेल. जमिनीच्या वादात समोरच्याला वाकवायला चारशेवीसचा गुन्हा दाखल करणं (आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८) ही महाराष्ट्रातली जुनी रीत आहे. दिवाणी भांडणाला फौजदारी रंग देण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सुनावलं आहे. तेव्हा नुसत्या एफआयआरवर कुणाचा रेरा नंबर काढू नये. तसं झालं तर पहिला उपयोग प्रतिस्पर्धी एजंटच करतील.

मग दोषी ठरल्यावर अपील संपेपर्यंत थांबायचं? कॅलिफोर्नियाचा कायदा थांबतो. आपण थांबलो तर एजंट निवृत्त होईल. कलम ९(७) मध्ये ‘स्थगित’ हा पर्याय आहेच, तो इथे कामाला यावा: पहिल्या न्यायालयाने दोषी ठरवताच स्थगिती, अपिलात शिक्कामोर्तब झाल्यावर नोंदणी रद्द. वरच्या न्यायालयाने दोषसिद्धीलाच स्थगिती दिली, तर नंबर परत. शिक्षेला स्थगिती आणि दोषसिद्धीला स्थगिती यांतला फरक २०२३ मध्ये राहुल गांधींच्या खासदारकीच्या निमित्ताने घराघरांत पोचलेला आहे, तो एजंटांनाही समजेल.

यासाठी संसदेकडे डोळे लावायची गरज नसावी. नोंदणी कोणत्या अटींवर द्यायची हे नियमांनी ठरवायचं, आणि नियम करायचे राज्य सरकारने, अशी कायद्याची रचना आहे. विमा कायद्यातले चार गुन्हे उचलून अटींत घातले आणि ३० दिवसांत कळवण्याचं बंधन जोडलं, की न कळवणं हाच अटीचा भंग ठरेल आणि कलम ९(७) लागू होईल. नोंदणी नाकारलेल्या आणि रद्द झालेल्या एजंटांची नावं संकेतस्थळावर दिसलीच पाहिजेत, असं कलम ३४ आताही सांगतं.

एवढं करूनही भाड्याचं घर आणि जुन्या सोसायटीतला रीसेलचा फ्लॅट दाखवणारे एजंट बहुतांशी बाहेरच राहतील, कारण रेराची एजंटाची व्याख्या प्रकल्पातल्या विक्रीपुरती आहे. अकरा महिन्यांच्या करारासाठी तुमच्याकडून डिपॉझिट घेणाऱ्याला ना परीक्षा, ना नंबर.